बाहेरचे गिऱ्हाईक : वऱ्हाडातील हॉटेलांचा न लिहिलेला इतिहास

वऱ्हाडचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर १९१० साली आणि अमरावती जिल्ह्याचे १९११ साली छापून निघाले. त्यांत कापसाची शेती, जिनिंगचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, बाजारपेठा, रेल्वे यांची माहिती आहे. जातींच्या प्रकरणात महारांचीही माहिती आहे. परंतु दिवसभर जिनमध्ये रुई उपसलेला महार मजूर संध्याकाळी चहा कोठे प्यायचा, बसून प्यायचा की उभ्याने, आणि पिऊन झाल्यावर कप कोण विसळायचे, हे प्रश्न साहेबाला पडण्यासारखे नव्हते. साहेबाचे सोडा. त्यानंतर वऱ्हाडावर लिहिणाऱ्या आपल्या मराठी विद्वानांनीही या प्रश्नांना इतिहासाचे प्रश्न म्हणून फारसे मोजले नाही.

पुण्यातला चहा मात्र इतिहासात आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी चाळीसहून अधिक मंडळी जमली आणि तेथे चहा दिला गेला. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका कपावर केवढी शाई खर्च झाली! चहा घेतला म्हणून ज्यांची जात धोक्यात आली त्यांचा इतिहास आहे. चहा मागितला म्हणून ज्यांना दाराबाहेर उभे राहावे लागले त्यांचा नाही. मला या दुसऱ्या कपाविषयी लिहावयाचे आहे. त्यासाठी माझ्याजवळ आहे ते वडिलांचे बोलणे (ते अकोल्याच्या एका जिनमध्ये कामाला होते), मूर्तिजापूर-बडनेऱ्याकडच्या वयोवृद्ध बायामाणसांनी सांगितलेल्या गोष्टी, आणि अमरावतीत विद्यार्थी म्हणून काढलेली माझी स्वतःची वर्षे. याला कागदपत्र म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना कागद वापरण्याचीच बंदी होती त्यांच्याकडे कागद मागणे ही इतिहासाची चैन झाली.

पहिली गोष्ट ही की हॉटेल ही आपल्याकडची जुनी संस्था नव्हे. खेड्यात अन्न विकले जात नव्हते. पाहुणा आला तर तो आपल्या जातीच्या घरी उतरे. शिजवलेले अन्न पैसे देऊन घ्यायचे ही कल्पना रेल्वे, कापूस आणि बाजार यांच्या मागून वऱ्हाडात आली. जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली साऱ्या वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारात गाडीवान आले, अडते आले, हमाल आले, जिनमध्ये हंगामी मजूर आले. घरापासून दूर, दिवसभर उपाशी असलेली ही माणसे. त्यांच्यासाठी भट्टी पेटली, कढई चढली, बाकडे टाकले गेले. चहा तर त्याहूनही नवा. चहाच्या मळेवाल्यांच्या फायद्यासाठी १९०३ साली सरकारने चहावर कर बसवून एक कमिटी नेमली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळापासून या कमिटीच्या माणसांनी गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर, बाजारात चहाचा प्रचार चालवला. म्हणजे आपल्या आजोबांच्या लहानपणी खेड्यात चहाच नव्हता.

मग विचारावेसे वाटते की कपबशीचा विटाळ कोणत्या स्मृतीत सांगितला आहे? मनूला चहा ठाऊक नव्हता, चिनी मातीचा कप ठाऊक नव्हता, तिकीट काढून चालणारी गाडी ठाऊक नव्हती. हॉटेलातली अस्पृश्यता ही "परंपरेने चालत आलेली रूढी" नव्हे. ती नवी घडवलेली वस्तू आहे. जिनचे इंजिन विलायतेहून आले आणि वेगळा कप येथे तयार झाला. दोघांचे वय फार वेगळे नाही. रूढी हळूहळू जातात, धीर धरा, असा उपदेश आपल्याला करणारांनी हे ध्यानात घ्यावे की ही रूढी बसवायला त्यांच्या वाडवडिलांना एक पिढीसुद्धा लागली नव्हती.

आता दुसरी गोष्ट. मला ती या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. खेड्यातला महार अन्न मिळवायचा ते मागून. वऱ्हाडात 'कामदार महार' असे. गावकीची कामे त्याने करायची आणि त्याबदल्यात खळ्यावर धान्य, मेलेले जनावर आणि दारोदार फिरून भाकर घ्यायची. तो श्रमाचा मोबदलाच होता, पण त्याला रूप भिक्षेचे दिलेले होते. "माय, भाकर वाढ वं" असे म्हणावे लागे. भाकर ताजी की शिळी हे देणारणीच्या हाती. ती वरून टाकली जाई आणि घेणाऱ्याने पदर किंवा फडके पसरायचे. या व्यवहारात घेणाऱ्याला तक्रार करता येत नाही.

जिनच्या फाटकासमोरच्या हॉटेलात तोच महार पैसा घेऊन उभा राहिला. आता तो मागत नव्हता, विकत घेत होता. विकत घेणाऱ्याला मराठीत गिऱ्हाईक म्हणतात, आणि गिऱ्हाईकाला काही हक्क असतात. चहा पातळ आहे, भजे जळके आहे, मोड परत दे, असे तो म्हणू शकतो. कित्येक पिढ्यांत आपल्या माणसाला हे म्हणण्याची संधी पहिल्यांदा कोठे मिळाली असेल तर ती या फळकुटाच्या दुकानात. वेगळा कप ठेवला गेला तो या क्षणी. माझे म्हणणे असे आहे की तो विटाळ टाळण्यासाठी जितका होता त्याहून अधिक, पैसे देणारा महार गिऱ्हाईक ठरू नये यासाठी होता. पैसे घेतल्यावरही त्याला भाकर मागणाऱ्याच्या जागी परत नेऊन उभे करण्याची ती युक्ती होती. वडील म्हणत, "त्याले आपला पैसा चाले, आपला हात नाई चाले."

त्या कपाची व्यवस्था कशी होती हे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण ते सांगणारी माणसे आता थोडी राहिली. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एखादा कोनाडा असे, नाहीतर शेजारच्या निंबाला खिळा ठोकलेला असे. कोनाड्यात कान तुटलेले कप, खिळ्याला पत्र्याचा डबा किंवा जर्मलचा चेपलेला गिलास. आतला कप फुटका झाला, त्याचा कान गेला, की त्याची बदली बाहेर होई. म्हणजे नवा कप आपल्यासाठी कधी विकत घेतला गेला नाही. आपल्या वाट्याला कपसुद्धा शिळा. महाराने यायचे, कप उचलायचा, पोऱ्या वरून पाणी ओतील त्यात तो विसळायचा, खाली दगडावर ठेवायचा आणि बाजूला व्हायचे. मग किटलीतून चहा वरून पडे. बसायचे ते जमिनीवर, उकिडवे, आणि पाऊस असला तर पन्हाळीखाली. प्यायल्यावर कप पुन्हा विसळून पालथा ठेवायचा. पैसा ओट्यावर ठेवायचा. काही ठिकाणी मालक त्यावर पाण्याचा हबका मारून मग गल्ल्यात टाकी. म्हणजे कप विसळणे हे हॉटेलच्या नोकराचे काम येथे गिऱ्हाईकाने करायचे, आणि दर मात्र तोच. आत बसणाऱ्याला एका पैशात चहा, बाक, सावली आणि विसळणारा पोऱ्या मिळे. बाहेरच्याला त्याच पैशात नुसता चहा. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी याचा हिशेब कधीतरी करावा. हंगामाचे चार-पाच महिने जिनच्या आसपासची दुकाने ज्या मजुरांच्या पैशावर चालली त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते.

भट्टीखालचे लाकूड फोडायला मात्र महार-मांग चालत. लाकूड अग्नीत जाते, म्हणून ते शुद्ध होते! चहाही अग्नीवरच उकळतो, पण हा तर्क तेथपर्यंत जात नसे.

या व्यवस्थेने आपल्या जिभेवरही काम केले. कोरडा जिन्नस रद्दीच्या कागदावर देता येतो. ओल्या जिन्नसाला बशी लागते. म्हणून भजी, चिवडा, शेव हे बाहेरच्याला मिळे. ज्याला बशी, चमचा, दही, पातळ चटणी लागते ते आत राही. अमरावतीचा गिला वडा साऱ्या वऱ्हाडात नावाजलेला. वडील बाजारानिमित्त कित्येकदा अमरावतीला गेले, पण गिला वडा त्यांनी चाखला तो वयाच्या पन्नाशीनंतर, मी नोकरीला लागल्यावर. त्यांना तो आवडला नाही. "एवढ्याचसाठी व्हय?" असे म्हणून त्यांनी बशी बाजूला सारली.

त्या काळच्या पाट्या वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. आत काय मिळते यापेक्षा ते कोणाच्या हातचे आहे हे पाटी आधी सांगे. 'ब्राह्मणी खानावळ', 'हिंदू हॉटेल', 'मराठा खानावळ', व्यापाऱ्यांसाठी मारवाडी बासा. सवर्णांचे आपसातलेही पाणी चालणे-न चालणे होतेच. हॉटेलाने त्यांना हळूहळू एका बाकावर आणले, हे हॉटेलाचे पुरोगामी कार्य म्हणून सांगितले जाते आणि ते खोटे नाही. कुणबी, माळी, तेली, कोमटी, ब्राह्मण एका बाकावर आले. पण बाकावर एकत्र येण्यासाठी त्यांना बाहेर कोणीतरी उकिडवे बसलेले हवे होते काय, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

मुसलमानांची हॉटेले हा वेगळा विषय आहे. अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर येथे आपल्या लोकांना बाकावर बसून, इतरांच्याच कपात चहा मिळाला तो बहुधा मुसलमानाच्या हॉटेलात, असे अनेकांनी सांगितले. मुंबई-पुण्याकडे इराण्याचे हॉटेल हेच करीत असे. ही कृतज्ञता नोंदवली पाहिजे. तसेच हेही नोंदवले पाहिजे की जेथे हिंदू गिऱ्हाईक अधिक तेथे काही मुसलमान मालकांनीही कोनाड्यात कप ठेवला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत बडोद्याची पारशी खानावळ आणि १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर मुसलमानांनी पाण्यावरून घातलेला गोंधळ, हे दोन्ही प्रसंग सांगितले आहेत. हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य आणि मुसलमानालाही, असा त्याचा इत्यर्थ. विटाळ धर्मापेक्षा शेजाराने अधिक पसरतो.

मग आपल्या चळवळीने हॉटेलावर सत्याग्रह का केला नाही? तळे, विहिरी, देवळे यांवर केला. याचे एक कारण कायद्यात आहे. मुंबई कौन्सिलात १९२३ साली मंजूर झालेला बोले यांचा ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालणाऱ्या पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांपुरता होता. (वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे तो ठराव आपल्याकडे लागूही नव्हता.) महाडचे तळे नगरपालिकेचे होते, म्हणून तेथे हक्क सांगता आला. त्याच महाडात मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद झाली. विषय होता अंबादेवीच्या मंदिराचा. देऊळ दहा जणांचे असते, विहीर जिल्हा कौन्सिलची असते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल उचलले, ते त्या सत्तेच्या बळावरच. हॉटेल मात्र एका माणसाच्या मालकीचे. "माझे दुकान, माझी मर्जी" या उत्तरापुढे १९२७ सालचा कायदा गप्प होता.

बाबासाहेब गप्प नव्हते. १९३० साली गोलमेज परिषदेपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना ठेवली तिच्यात मुसाफिरखाने-खानावळी, रस्ते, तळी, विहिरी, वाहने यांचा उपयोग अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणारास पाच वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. हे कलम त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतले. गुलामगिरी संपल्यावर निग्रोंना खानावळीत प्रवेश मिळावा म्हणून झालेला १८७५ चा तो कायदा तेथील सुप्रीम कोर्टाने १८८३ साली मोडीत काढला होता, आणि कारण हेच दिले होते की खानावळवाला खाजगी माणूस आहे, सरकार नव्हे. पुढे आपल्याकडे १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला तेव्हा कमाल शिक्षा ठरली सहा महिने. पाच वर्षांची सहा महिने झाली. स्वराज्य आले होते ना!

आपण स्वतःचीच हॉटेले का काढली नाहीत, असेही कोणी विचारतात. काढली. कोल्हापूरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारले. महाराजांनी मारणारांना शासन केले आणि गंगारामांना भांडवल देऊन हॉटेल काढायला लावले. नाव 'सत्यसुधारक'. हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावू लागले. १९२२ साली महाराज वारले. १९२५ साली त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात उभे केले ते याच गंगारामांनी. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. पण तिचा अर्थही पाहावा. एका महाराच्या हातचा चहा खपावा म्हणून एका छत्रपतीला रोज गाडी थांबवावी लागली. वऱ्हाडात छत्रपती नव्हता. जिनजवळ आपल्या एखाद्याने भट्टी लावली तर तेथे आपलेच लोक येत, तेही उधारीवर. आणि उधारीवर चालणारे दुकान पोळ्याला उघडते आणि होळीला बंद होते.

एकत्र जेवणाचे प्रयत्न वऱ्हाडात झाले नाहीत असे नाही. अमरावतीत पंजाबरावांनी श्रद्धानंद छात्रालय काढले; तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत-जेवत. आणि अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा. ज्या मातीच्या फुटक्या भांड्यामुळे त्यांना ते नाव मिळाले, तसे भांडे आपल्या लोकांना सक्तीने मिळत होते. बाबांनी ते आपणहून हाती घेतले आणि त्यातच भाकर खाल्ली. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली ती अस्पृश्य वारकऱ्यांना उघड्यावर झोपावे-शिजवावे लागे म्हणून. पुढे ती पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पण छात्रालय, धर्मशाळा ही सत्पुरुषांची कामे. हॉटेल हा धंदा आहे. तेथे माणसाची परीक्षा रोज सकाळी पाच वाजता होते.

कायदे सांगून टाकतो. मध्यप्रांत-वऱ्हाडचा अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा कायदा १९४७ चा. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. त्याच दिवशी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली करणारेही. 'दुकान' म्हणजे काय, या प्रश्नावर बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द संकुचित अर्थाने घ्यायचा नाही. जेथे मोबदला घेऊन सेवा दिली जाते ते सारे त्यात येते. १९५५ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरलाच, शिवाय तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे दिल्लीच्या संसदेला कोनाड्यातला कप ठाऊक होता! १९७६ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि किमान एक महिन्याची कैद आली.

परंतु कप पुराव्याला कसा आणायचा? फौजदार आला की कोनाडा रिकामा. साक्षीदार कोण? आत बसलेले सवर्ण. तक्रार करणारा उद्या त्याच गावात कोणाच्या वावरात कामाला जाणार? कायद्यापेक्षा अधिक काम केले ते १९५६ च्या धर्मांतराने. नागपूरहून परतलेल्या लोकांनी मेलेले ढोर ओढणे सोडले, भाकर मागणे सोडले, आणि कित्येक गावांत बाहेरचा कप उचलणे सोडले. हॉटेल सोडले असे नव्हे, कप सोडला. वडील त्यानंतर पिशवीत स्वतःचा जर्मलचा गिलास घेऊन फिरत. मोठ्या ताठ्याने तो पुढे करीत. हॉटेलवाल्याला हे फार सोयीचे पडले. त्याला कपही ठेवावा लागेना! वडिलांच्या हे ध्यानात आले तेव्हा त्यांनी गिलास घरी ठेवला आणि चहाच सोडला. अकोल्याच्या त्या हॉटेलात ते पुन्हा गेले ते आत, बाकावर, आणि त्याला मधे सहा-सात वर्षे गेली होती.

शहरात गोष्ट निराळी होती. मी १९६७ च्या जूनमध्ये अमरावतीला शिकायला आलो. राजकमल चौकाच्या आसपास विद्यार्थ्यांनी भरलेली हॉटेले. तेथे कोनाडा नव्हता. पांढरा सदरा-पायजमा, खिशाला पेन, आणि कोणी ओळखत नाही. एवढ्यावर माणूस आत जाऊ शके. पण कोनाड्याच्या जागी एक प्रश्न आलेला होता. "कोन गावचे म्हना तुमी?" गाव सांगितले की, "कोनाच्या घरचे?" आडनाव सांगितले की संभाषण थांबे. हा प्रश्न मालक विचारत नसे. शेजारी बसलेला, गूळ घातल्यासारखा बोलणारा एखादा गृहस्थ विचारी. आमच्यातले काही जण आडनाव गिळत, काही गावाचे नाव बदलत. मी त्यांना दोष देत नाही. भुकेल्या पोराने वडा खाण्यापूर्वी क्रांती केलीच पाहिजे असा नियम नाही.

एकदा आम्ही दोघे अशा एका हॉटेलात बसलो होतो. दारातून आमचा एक मित्र आला आणि तेथूनच मोठ्याने म्हणाला, "जयभीम!" बाकांवरचा आवाज एकदम खाली गेला. बशीत चहा ओतलेला एक जण तो प्यायचा थांबला. मी उठून तितक्याच मोठ्याने "जयभीम" म्हटले. काही झाले नाही. कोणी हाकलले नाही, कोणी शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा पोऱ्याने आमच्यासमोर काचेचे गिलास ठेवले, बाकी सगळ्यांना कपबशी होती. मित्राने विचारले, "आमाले कपबशी काहून नाई रे?" पोऱ्या मालकाकडे पाहू लागला. मालक वर्तमानपत्र वाचत होता. आम्ही चहा न पिता उठलो, पैसे मात्र ठेवले. पुढे महिनाभर आमच्यातले सात-आठ जण रोज तेथे जाऊन कपबशी मागत बसलो. तीन-चार आठवड्यांनी कपबशी मिळाली. याला सत्याग्रह म्हणायचे की नाही मला ठाऊक नाही. वर्तमानपत्रात तो आला नाही.

सात वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी एका दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले होते आणि उठले नव्हते. आम्हांला ते तेव्हा माहीत नव्हते. माहीत झाले ते १९७२ नंतर, दलित पँथरच्या काळात, काळ्यांच्या साहित्याची चर्चा सुरू झाल्यावर. अलाबामातल्या एका खानावळीची हकिकत मला विशेष आपली वाटते. तेथे काळ्या गिऱ्हाईकांना अन्न मिळत असे, पण पुड्यात बांधून, बाहेर न्यायला. आत बसता येत नसे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध तो मालक कोर्टात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टाचा आधार गमतीचा होता. त्याच्याकडचे मांस परराज्यातून येते, म्हणून हा आंतरराज्य व्यापार, म्हणून केंद्राचा कायदा लागू. १८८३ साली माणसाला जी वाट मिळाली नाही ती १९६४ साली मांसाला मिळाली. आपल्या घटनेला असा वळसा घ्यावा लागला नाही. सतरावे कलम सरळ आहे. वळसे आपल्याकडे माणसे घेतात.

पुढची वर्षे लवकर सांगता येतील. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर माणसे एकत्र राबली, पाणी वेगळेच प्यायली. त्याच काळात बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ महाराष्ट्रभर फिरली. १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्याच ढाकळीला दोन बौद्ध भावांचे डोळे काढले गेले. अशा काळात कपाची गोष्ट कोण काढणार? ती मागे पडली, हे स्वाभाविकच. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हॉटेलातले वेगळे भांडे आणि वेगळी बैठक अजूनही सापडली.

आज वऱ्हाडातल्या बसस्थानकावर, फाट्यावर चहा घ्या. कागदाचा कप मिळतो, सर्वांना सारखा, पिऊन फेकायचा. कोणी कोणाला गाव विचारत नाही. याचा आनंद मानणारे मित्र मला भेटतात. मला शंका येते. कप फेकून देता येऊ लागला म्हणून प्रश्न मिटला, की प्रश्न मिटवायचा नव्हता म्हणून कप सोयीचा झाला? लग्नाच्या पंगतीत, गावातल्या भंडाऱ्यात, जेथे स्टीलचे ताट अजून धुवावे लागते, तेथे जाऊन पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे असे मला वाटते. जिनच्या इमारती पडत चालल्या, त्यांच्या समोरची हॉटेले कधीच गेली. त्या हॉटेलांचे कोनाडे, खिळे, दर, उधारीच्या वह्या, पोऱ्यांच्या जाती यांच्या नोंदी या पाच-सात वर्षांत झाल्या तर होतील.

आणि बायांना विचारावे. आतापर्यंत मी जे लिहिले ते पुरुषांचे. जिनमध्ये आपल्या बाया पुरुषांच्या बरोबरीने राबल्या. हॉटेलच्या बाकावर मात्र त्या आत तर नाहीच, बाहेरही बसल्या नाहीत. बडनेऱ्याकडच्या एका नव्वदीच्या आजीला मी विचारले, तुम्ही चहा कोठे प्यायच्या? ती म्हणाली, "हाटेलात कोन जाये बापू? गेटापाशी पोरगा किटली आने. कपाले कान नोयता, हात पोये. पदरानं धरून प्या लागे."